घरच्या कर्मशाळेची हत्यारे : स्वस्त कोणते घ्यावे, कोणते घेऊ नये

लोखंडी सामानाच्या दुकानात पूर्वी जे गिऱ्हाईक येई ते बहुधा कारागीर असे. सुतार, गवंडी, फिटर किंवा लोहार यांना आपल्याला काय हवे ते दुकानदाराहून अधिक कळत असे. पटाशी हातात घेऊन, तिची धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून, ते ती पसंत करीत अथवा निमूटपणे परत ठेवीत; दोन शब्दांत सौदा होई. आता त्या गिऱ्हाइकाच्या जोडीला एक निराळे गिऱ्हाईक आपल्या उंबरठ्यावर उभे राहू लागले आहे. कोणी निवृत्त शिक्षक असतात, कोणी बँकेत नोकरी करणारा तरुण असतो, कोणी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा मुलगा वा मुलगी असते. घराच्या मागील पडवीत एखादे फळीचे मेज मांडावे, चार हत्यारे जमवावी आणि आपल्या हातांनी काही घडवावे अशी यांची हौस. खिशात बेताची रक्कम असते, आणि तोंडी एकच वाक्य असते : 'फार भारी नको, चालेल असे द्या.'

या 'चालेल' शब्दाचा अर्थ गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो. तो आपणांस ठाऊक असतो. म्हणूनच हा विषय घरच्या हौशी माणसाचा असला तरी आपल्या धंद्याच्या स्मरणिकेत त्यास स्थान असावे असे आम्हांस वाटते. या गिऱ्हाइकाच्या हाती चकाकणारे काहीतरी देऊन त्याची बोळवण करणे अगदी सोपे आहे. पान्याचा जबडा पहिल्याच नटावर फाकला म्हणजे तो भांडायला येत नाही. तो पुन्हा येतच नाही. पुढच्या खेपेस तो घरबसल्या मोबाइलवरून तेच हत्यार आपल्याहून कमी दरात मागवतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणता येत नाही. दर कमी करण्याच्या या शर्यतीत लहान दुकानदाराने पुढे जाण्याची आशा धरू नये. त्याच्यापाशी एकच गोष्ट अशी आहे की जी पार्सलातून येत नाही : कोणत्या हत्यारात पैसा वाचवावा व कोणत्यात वाचवू नये, याचे खरे उत्तर.

थोडक्या भांडवलात हत्यारे जमवून काम उभे करणे ही गोष्ट बेळगावकरांना नवी नाही. १८८८ साली याच गावी किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान घातले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करावयास घेतले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे आरंभी त्या नांगरास गिऱ्हाईक मिळेना, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे गावातील जागा सोडावी लागली, औंधच्या अधिपतींनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक पडवीतून कारखाना निघत नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही नाही. तथापि उद्यमबागेत आज ज्या ओतशाळा व यंत्रशाळा चालतात त्यांच्या मालकांपैकी अनेकांच्या हाताला पहिली कानस घरीच लागलेली असेल असे मानण्यास हरकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या फळीवरील हत्यारे येतात तरी कोठून? पाने, पकडी, हातोड्या, व्हाइस यांचा मोठा भाग जालंदर व लुधियाना येथून येतो. राजस्थानात नागौरला लोहारांची जुनी वस्ती आहे व तेथील हातोड्या, पकडी, सांडशा देशभर जातात. नाशिकला टपारियाचा कारखाना आहे. रत्नागिरी-चिपळूणकडे कानशी तयार होतात. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा हप्ता उठला आणि त्यानंतर चीनचा माल प्रत्येक गल्लीत पोहोचला. चिनी तेवढे वाईट व देशी तेवढे चांगले असा एक सरसकट समज आहे, तो आम्हांस मान्य नाही. उत्तम व टाकाऊ असे दोन्ही प्रकार दोन्ही देशांत होतात. शिवाय एकाच भट्टीतून निघालेल्या मालावर चार निरनिराळे शिक्के बसून तो चार दरांत विकला जातो, हे आपणां व्यापाऱ्यांना कोणी सांगावयास नको. देश पाहण्यापेक्षा पोलाद पाहावे आणि त्यास पाणी कसे दिले आहे ते पाहावे.

जे हत्यार केवळ ठोकते, धरते किंवा टेकू देते, तेथे काटकसर करण्यास हरकत नसते. ५०० ग्रॅमची गोल डोक्याची हातोडी घ्यावी. तिचा दांडा बाभळीचा, सरळ रेषेचा व पक्क्या पाचरीचा असला म्हणजे साध्या कारखान्याची हातोडीसुद्धा आयुष्य काढते. (ती तराजूत घालून पाहावी, एवढीच आमची सूचना. ५०० लिहिलेल्या हातोड्या ४३०ला उतरताना आम्ही पाहिल्या आहेत.) मेज तर विकत घेऊच नये. जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान मिळाले तर उत्तम; जड लाकडाचे, भिंतीला घट्ट बांधलेले मेज कोणत्याही विकतच्या पत्र्याच्या मेजाहून बरे. करवतीची चौकट साधी चालते. मात्र तिच्यात ताणले जाणारे पाते साधे चालत नाही.

पात्याविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण येथे दोन-पाच रुपयांच्या फरकाने माणसाची हौस मरते. हलक्या कार्बन पोलादाचे पाते दहा मिनिटांत बोथट होते आणि काचेसारखे तडकते. पाठ लवचीक पोलादाची व दात हाय-स्पीड पोलादाचे असे जोड-धातूचे पाते नवशिक्याच्या हातीसुद्धा मोडत नाही. तेवढ्यानेही भागत नाही. दातांची संख्या विचारावी लागते. एका इंचास २४ दात हे साधारण कामाचे, जाड गजास १८, पातळ पत्र्यास व नळीस ३२. निदान तीन दात एकाच वेळी धातूवर टेकले पाहिजेत हे त्यातील तत्त्व. नाहीतर दात पत्र्याच्या कडेत अडकून उडतात. दात पुढच्या दिशेने ठेवून पाते चढवावे हे सांगणे कारागिराचा अपमान ठरेल, परंतु या नव्या गिऱ्हाइकास ते सांगितलेच पाहिजे.

हाच न्याय गिरमिटांस, म्हणजे ज्यांना सर्व जण आता 'ड्रिल बिट' म्हणतात त्यांस, लागू आहे. शंभर नगांचा रंगीत पेटीतला संच पाहून मन मोहते, आणि आमच्या मते नवशिक्याने घेऊ नये अशा वस्तूंत त्या पेटीचा क्रमांक पहिला लागतो. त्यांतील ऐंशी नग कधी वापरले जात नाहीत व उरलेले वीस कापत नाहीत. त्याच पैशांत ३, ४, ५, ६, ८ व १० मिलिमीटरचे सहा नग चांगल्या हाय-स्पीड पोलादाचे येतात. ५ चा एखादा नग जास्त घ्यावा, कारण ६ मिलिमीटरचे आटे पाडण्यापूर्वीचे भोक त्याचेच. अक्षरे कोणीही कोरतो. ठिणगी मात्र खोटे बोलत नाही. सहाणेच्या चाकावर शेपूट क्षणभर टेकवले असता पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या निघाल्या तर ते साधे कार्बन पोलाद होय. हाय-स्पीड पोलादाच्या ठिणग्या थोड्या, मंद व तांबूस असतात. ज्या नगांची शेपटे कापणाऱ्या भागाहून निराळ्या पोलादाची असतात त्यांची परीक्षा अर्थातच कापणाऱ्या टोकावर करावी लागते.

व्हाइस ही कर्मशाळेतील सर्वांत महाग वस्तू होय, आणि तीच सर्वांत शेवटी घ्यावी असे पुष्कळांना वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. धरलेली वस्तू हलली तर कानस, करवत, छिन्नी यांतील एकही आपले काम करू शकत नाही. घरच्या कामास चार इंची जबड्याची पुरते. तिच्यात काय पाहावे हे बेळगावकरांनी तरी इतरांना विचारू नये, कारण बीड हा आपल्या गावाचाच धातू आहे. राखी बिडाची व्हाइस दाब सोसते, परंतु घणाचा आडवा घाव सोसत नाही. तिची कड टवका उडून जाते. एस. जी. बीड म्हणतात ते अधिक लवचीक, आणि दरातला फरक सार्थ करणारे. दुकानातच जबडे पूर्ण मिटून उजेडासमोर धरावे. वरून मिटले व खाली फट राहिली, किंवा एका बाजूस कागद अडकतो व दुसऱ्या बाजूस सुटतो, तर ती परत ठेवावी. नंतर जबडा अर्धा उघडून हाताने वरखाली हलवावा. थोडी हालचाल असतेच. खडखडाट असू नये. रंगाचा थर जाड असला की आम्हांस संशय येतो, कारण ओतकामातील भोके लांबीने बुजवून वर रंग देण्याची युक्ती जुनी आहे.

कानशींत सुरुवातीस तीन पुरेत : दहा इंची चपटी खरखरीत, तीच मऊ दातांची, आणि एक अर्धगोल. त्या नव्या व नावाजलेल्या घ्याव्या. जुनी कानस कोणी फुकट दिली तरी तिचा उपयोग धार लावून छोटी सुरी करण्यापलीकडे होत नाही. नवी कानस आधी पितळेवर वापरावी व मग लोखंडावर आणावी. हा क्रम उलटला तर पितळेवर ती नुसती घसरते. बिनमुठीची कानस विकत असाल तर मूठही त्याच वेळी गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. मुठीशिवायचे ते अणकुचीदार शेपूट तळहातात शिरल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मोजण्याच्या साधनांविषयी गिऱ्हाईक सर्वांत बेफिकीर असते. वाकडा गुण्या घेतलेल्या माणसाचे प्रत्येक काम वाकडे होते, आणि दोष आपल्या हातांचा आहे असे समजून तो काम सोडून देतो. गुण्याची परीक्षा करण्यास गुण्याच पुरतो. सरळ कडेच्या फळीला तो टेकवून धारदार पेन्सिलीने एक रेघ ओढावी. मग तो उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. पाचरीसारखी फट पडली तर त्या फटीच्या निम्म्याने तो खोटा आहे. ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर करणारा दुकानदार त्या दिवशी कदाचित दोन गुण्ये बाजूस ठेवील, पण तिसऱ्याची किंमत त्यास बिनबोभाट मिळेल. व्हर्नियरचे जबडे मिटून उजेडासमोर धरावे, आकडा शून्यावर येतो की नाही ते पाहावे. घरच्या कामास स्वस्त आकडेदर्शी व्हर्नियरसुद्धा पुष्कळ वेळा पुरतो.

पान्यांचा प्रश्न आपल्या भागात थोडा निराळा आहे. नव्या वस्तूंचे नट मिलिमीटरचे असतात : ६ च्या बोल्टास १० चा पाना, ८ ला १३ चा. परंतु जुनी तेलाची इंजिने, लेथ आणि पाण्याचे पंप अद्याप पुष्कळ घरी व शेतावर आहेत, आणि त्यांवर इंग्रजी व्हिटवर्थचे आटे आहेत. जोसेफ व्हिटवर्थने ही पद्धत १८४१ मध्ये मांडली. तिच्यात पान्यावरील आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टाचा नट जवळजवळ ०.९२ इंच रुंद असतो. हे न कळल्यामुळे लोक मिलिमीटरचा 'बसेलसा' पाना लावतात, नटाचे कोपरे गोल करतात, व मग छिन्नी घेतात. यास्तव संच विकण्यापूर्वी 'काम कोणत्या यंत्राचे?' एवढे विचारावे. क्रोम-व्हॅनेडियमचा पाना आणि नरम लोखंडावर क्रोमची कल्हई केलेला पाना दिसायला जुळे भाऊ असतात. कोपऱ्यावर कानस हळूच ओढली की नरम लोखंडात ती खोल चावते, आणि पाणी दिलेल्या पोलादावर घसरू पाहते.

ही शेवटची परीक्षा गिऱ्हाईक करू शकत नाही, कारण विकत घेण्यापूर्वी तो माल आपला असतो. म्हणून आमची आपल्या सभासद बंधूंना अशी सूचना आहे की, कोणताही नवा माल आला म्हणजे प्रत्येक खोक्यातील एक नग आपण स्वतः खर्ची घालावा. पाना नळीने ताणून पाहावा, छिन्नी लोखंडावर मारून पाहावी, पाते कापून पाहावे. दुकानाच्या कोपऱ्यात एक व्हाइस व एक सहाण ठेवावी. एका नगाची किंमत ती काय. आणि मग 'चालेल का?' या प्रश्नास उत्तर देताना घाऊक व्यापाऱ्याच्या शब्दाचा आधार घ्यावा लागत नाही.

अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांपैकी तीन तरी हत्यारांच्या धंद्यास थेट लागू पडतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हीनाधिक-मानोन्मान म्हणजे खोटे माप व खोटे वजन. ४३० ग्रॅमची '५००' हातोडी त्यात आली. प्रतिरूपक-व्यवहार म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे. नामांकित कारखान्याच्या नावात एक अक्षर बदलून काढलेली पकड 'त्यांचीच आहे' असे म्हणून, किंवा नुसते न म्हणता गप्प राहून विकणे, हे त्याच्या बाहेर कसे राहील? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानेही तो गुन्हाच आहे; वेष्टनावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता नसेल तर तो माल घेतानाच थांबावे. स्वस्त माल स्वस्त म्हणून विकण्यात मात्र कोणताही दोष नाही. 'हे वर्षभर पुरेल, पुढे नाही' असे सांगून दिलेली साधी पकड ही पूर्ण प्रामाणिक विक्री होय, आणि ज्याला वर्षातून दोनदा खिळा उपटायचा आहे त्यास ती देणेच योग्य.

तिसरा अतिचार तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, तो जुन्या बाजाराकडे नेतो. बेताच्या रकमेत उत्तम हत्यारे मिळण्याचे ठिकाण जुना बाजार हेच आहे, यात शंका नाही. शेफिल्डच्या जुन्या पटाश्या, रंध्यांची पाती आणि जड व्हाइस गंजलेल्या ढिगाऱ्यात पडून असतात. वरचा तांबूस गंज घासून जातो. खड्डे पडलेला गंज जात नाही. पटाशीची सपाट बाजू धारेजवळ खड्ड्यांनी खाल्लेली असेल तर ती घेऊ नये, बाकी कशाही अवस्थेत असली तरी चालते. रंध्याच्या तळाला केसासारखी चीर आहे का ते बोटाने नव्हे, डोळ्यांनी पाहावे. परंतु ज्या हत्यारावरील कारखान्याचा ठोकलेला क्रमांक नुकताच घासून टाकला आहे, जो कोरा करकरीत मायक्रोमीटर भंगाराच्या दराने मिळतो आहे, तो कोणाच्या तरी यंत्रशाळेतून संध्याकाळी खिशात घालून आणलेला असतो. ती यंत्रशाळा आपल्याच एखाद्या बंधूची असू शकते.

येथे एक प्रश्न वडीलधारी मंडळी कधीकधी विचारतात, त्याचाही उल्लेख करतो. रत्नकरंडक श्रावकाचारात हिंसादान या अनर्थदंडाच्या वर्णनात तलवारीबरोबर कुऱ्हाड व कुदळही येते. तेव्हा हा धंदाच श्रावकास योग्य आहे काय? मराठीत तर सुताराच्या पटाशीस आणि शिपायाच्या तलवारीस 'हत्यार' हा एकच शब्द आहे. शास्त्राचा निर्णय देण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु अनर्थदंड या नावातच प्रयोजनाचा विचार आहे, आणि हत्यार देताना ते कशासाठी न्यायचे आहे हे विचारणे, व ते इजा न करता कसे वापरावे हे सांगणे, एवढे तरी या वचनावरून आपल्यावर येते असे आम्ही मानतो.

विजेच्या ग्राइंडरच्या बाबतीत हे सांगणे टाळणे म्हणजे तर उघड हयगय होय. चार इंची ग्राइंडर हे घरच्या कर्मशाळेतील सर्वांत घातक यंत्र, आणि दुर्दैवाने सर्वांत लवकर घेतले जाणारे. मिनिटास दहा-अकरा हजार फेरे घेणारी चकती फुटली तर तिचा तुकडा गोळीसारखा सुटतो. कापण्याच्या चांगल्या १०० मिलिमीटर चकतीवर सेकंदास ८० मीटर वेग, म्हणजे सुमारे १५,३०० फेरे, ही मर्यादा छापलेली असते. ती यंत्राच्या फेऱ्यांहून जास्त असलीच पाहिजे. मधल्या धातूच्या कड्यावर महिना व वर्ष कोरलेले असते, ती चकतीची मुदत होय, व ती औषधाच्या बाटलीवरील मुदतीइतकीच खरी मानावी. मुदत संपलेल्या चकत्या 'लोखंडाला कसली मुदत?' म्हणून खपविल्या जातात. परंतु त्या लोखंडाच्या नसून राळेने बांधलेल्या असतात आणि ओल्या हवेत ती बांधणी ढिली पडते. यंत्राचे झाकण काढून मोठी चकती बसविणाऱ्यास चकती विकू नये. चष्मा व तिसऱ्या खिळ्याची, म्हणजे अर्थिंगची, सोय यांच्याबद्दल न विचारता यंत्र देऊ नये. यंत्राची विक्री बुडाली तर बुडाली.

समजा एखाद्याने दहा हजार रुपये बाजूस ठेवले आहेत. आमच्या हिशेबाने निम्म्याहून थोडी अधिक रक्कम व्हाइस, कानशी, पाती व गुण्या यांवर जावी. पाने व पेचकस लागतील तसे एकेक घ्यावे. हातोडी, चिमटे, मेज यांवर कमीतकमी. आणि ग्राइंडर पहिल्या वर्षी मुळीच नको. हा हिशेब ऐकून गिऱ्हाईक हिरमुसते, कारण ते ग्राइंडरसाठीच आलेले असते. तरीही तो त्यास कागदावर लिहून द्यावा.

घेतलेली हत्यारे बेळगावच्या पावसात टिकविणे हे निराळे काम आहे. मृगापूर्वी सर्व पोलादी हत्यारे कोरड्या फडक्याने पुसून यंत्राच्या पातळ तेलाचा हात द्यावा. कानशींना मात्र तेल लावू नये, त्यांच्या दातांत खडू घासावा व त्या एकमेकींना न लागतील अशा वेगवेगळ्या कागदात गुंडाळाव्या. भिंतीला टेकलेली पेटी चार बोटे पुढे ओढावी. घामेजल्या हातांनी धरलेला गुण्या तसाच ठेवला तर दुसऱ्या सकाळी त्यावर बोटांचे ठसे तांबडे उमटलेले दिसतात.